चुकीला माफी देणारा रस्ता

१२ मार्च २०२३ रोजी मंड्यात पंतप्रधानांच्या हस्ते बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे लोकार्पण झाले. लांबी सुमारे ११९ किलोमीटर, खर्च साडेआठ हजार कोटींच्या आसपास, मधोमध सहा मार्गिका आणि दोन्ही अंगांना दोन-दोन मार्गिकांचे सेवा रस्ते. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण ही वाटेवरची गावे बायपासने टाळली गेली. तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला.

त्याच रस्त्याने पहिल्या वर्षी १८० हून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या उन्हाळ्यात तर रोज सरासरी एक मृत्यू होत होता. २०२४ मध्ये मात्र हा आकडा पन्नासाच्या आसपास उतरला. या काळात कर्नाटकातले चालक काही अचानक शहाणे झाले नव्हते. मोटारी त्याच होत्या, घाई तीच होती, डुलकीही तीच होती. बदलला होता तो रस्ता, आणि त्या रस्त्यावर लक्ष ठेवण्याची रीत. महामार्गाची रचना माणसाचा जीव कसा घेते आणि कसा वाचवते, हे समजून घ्यायला एवढे जवळचे आणि ताजे उदाहरण दुसरे नाही.

रस्ता पायाशी बोलतो

जुना म्हैसूर रस्ता गावागावातून जायचा. रामनगरची रेशीमकोषांची बाजारपेठ, चन्नपट्टणची लाकडी खेळणी, मद्दूरचा वडा असे थांबत-थांबत जाणे भाग असे. गर्दीचा कंटाळा येई, पण गर्दीच वेगाला लगाम घाली. नवा रस्ता रुंद झाला, सरळ झाला आणि सिग्नलमुक्त झाला. अशा रस्त्यावर बाजूला ताशी शंभरचा फलक असला, तरी समोर पसरलेले डांबर चालकाच्या पायाला काही वेगळेच सांगत असते. रस्ता अभियंत्यांचा जुना अनुभव असा की, चालक फलकापेक्षा रस्त्याचे ऐकतो. मार्गिका रुंद, वळण मोकळे आणि दृष्टी दूरवर जात असेल, तर वेग आपोआप चढतो.

दुसरी गोम अशी की, रस्ता द्रुतगतीचा झाला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे जगणे तेच राहिले. घर एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. पायी ओलांडायला पूल पुरेसे नव्हते, म्हणून लोकांनी कुंपणाला भगदाडे पाडली. ज्या मार्गिकेत मोटार ताशी १२० ने धावते, तिथेच उसाचा ट्रॅक्टर २५ ने चालला होता. दोघांच्या वेगातला फरक ताशी ९५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २६ मीटर. दोनशे मीटर दूर दिसणारा ट्रॅक्टर आठ सेकंदांच्या आत बोनेटसमोर येतो. रात्री, मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या बाबतीत तर ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

वेगाचे गणित

वेगाबद्दल आपण नेहमी नीतीच्या भाषेत बोलतो. प्रत्यक्षात तो भौतिकशास्त्राचा विषय आहे. अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत लागणारे अंतर दोन भागांचे असते. पहिला भाग मेंदूचा. डोळ्यांनी पाहिलेले समजून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ भारतीय रस्ते मानकांत अडीच सेकंद धरतात. ताशी शंभरच्या वेगात तेवढ्यात गाडी सुमारे ७० मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागायचाच असतो. दुसरा भाग टायर आणि डांबर यांच्या घर्षणाचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी ६० ला सुरक्षित थांबण्यासाठी सुमारे ८० मीटर लागतात, तर १०० ला १८० मीटर. वेग दुप्पटही झालेला नसतो, अंतर मात्र सव्वादोन पट होते.

धडकेचेही तेच. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शंभरऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा असते, आणि धडकेत ती कुठेतरी जिरावीच लागते. बोनेटमध्ये जिरली तर गाडी भंगारात जाते. छातीत किंवा डोक्यात जिरली तर माणूस जातो. महामार्ग सुरक्षेची सगळी विद्या या एका प्रश्नाभोवती फिरते. ऊर्जा कमी कशी ठेवायची, आणि ठेवता आली नाही तर ती माणसाखेरीज दुसऱ्या कशात जिरवायची?

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंतला वाटा ३६ टक्के. चांगला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

म्हैसूर रस्त्यावर काय केले गेले

२०२३ च्या मध्यावर कर्नाटक पोलिसांच्या वाहतूक व रस्ता सुरक्षा विभागाची सूत्रे अतिरिक्त पोलीस महासंचालक आलोक कुमार यांच्याकडे आली. त्यांनी महामार्गाची पाहणी करून उणिवा जाहीरपणे मांडल्या. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तज्ज्ञांची समिती पाठवली. जुलैपासून वेग मोजणारी उपकरणे घेऊन पोलीस रस्त्यावर उभे राहिले. १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बिनइंजिनाच्या वाहनांना बंदी झाली. फलक, कुंपण आणि रस्त्यात शिरण्या-निघण्याच्या जागा यांची दुरुस्ती हाती घेतली गेली.

यानंतर आले कॅमेरे. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचे जाळे उभारले गेले, आणि चलन थेट मालकाच्या मोबाइलवर जाऊ लागले. १ ऑगस्ट २०२४ पासून तर कर्नाटकभर ताशी १३० च्या वर गाडी हाकणाऱ्यावर दंडावर न थांबता गुन्हा नोंदवायला सुरुवात झाली.

कॅमेऱ्याची एक मर्यादा मात्र चालकांना लगेच कळते. खांब दिसला की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. त्यावर सरासरी वेगाची तपासणी हा उतारा आहे. दोन कॅमेरे दहा किलोमीटर अंतरावर बसवायचे. पहिल्याने नंबरप्लेट आणि वेळ टिपायची, दुसऱ्याने तीच पुन्हा टिपायची. ताशी शंभरने हे अंतर कापायला सहा मिनिटे लागतात. पाच मिनिटांत पोहोचलेला माणूस सरासरी १२० ने आला, यात वाद घालायला जागाच उरत नाही. खांबापाशी ब्रेक मारून इथे काही साधत नाही, सबंध टप्पाच संयमाने काढावा लागतो. अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने आणि २०२१ च्या नियमांनी देशभर आधार दिला आहे.

यातल्या कोणत्या उपायाने किती जीव वाचले, हे वेगळे काढता येणार नाही. सगळे उपाय जवळपास एकाच वेळी आले. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. वेग, वेगातला फरक आणि पायी माणसाशी होणारी गाठ या तिन्हींवर एकदम घाव घातला, तर मृत्यू वर्षभरात निम्म्याहून खाली येतात. त्यासाठी चालकांची पिढी बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

गॅलरीचा कठडा

घर बांधणारा माणूस ‘राहणाऱ्यांनी जपून चालावे’ अशी पाटी लावून गॅलरी उघडी सोडत नाही, तो कठडा बांधतो. मूल धावणार, म्हाताऱ्याला चक्कर येणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. महामार्गाच्या बाबतीत मात्र आपण दीर्घकाळ पाटीवर भागवले. ‘अति घाई, संकटात नेई’ हे घाटातले वाक्य खरेच आहे. पण ज्याने घाई केली, त्याला मृत्यूचीच शिक्षा व्हावी का, हा प्रश्न त्या पाटीवर मावत नाही.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली त्याचे उत्तर धोरण म्हणून स्वीकारले. ‘व्हिजन झिरो’ नावाच्या या धोरणाचा गाभा असा, की माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीतून मृत्यू ओढवू नये अशी व्यवस्था रस्ता बांधणाऱ्यांनी करावी. तिथल्या अभियंत्यांनी मानवी शरीर किती मार सहन करते, तिथून हिशेब सुरू केला. जिथे पायी माणूस आणि मोटार एकत्र येतात तिथे ताशी ३०. जिथे चौकात आडवी धडक होऊ शकते तिथे ५०. जिथे समोरासमोर टक्कर शक्य आहे तिथे ७०. याहून जास्त वेग हवा असेल तर आधी ती टक्कर अशक्य करा.

ती अशक्य कशी करायची, याचेही उत्तर त्यांनी स्वस्तात काढले. रुंद पण दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर तीन मार्गिका आखल्या, मधली मार्गिका काही अंतर एका दिशेला आणि पुढे काही अंतर दुसऱ्या दिशेला दिली, आणि मधोमध पोलादी दोरांचा अडसर ओढला. ओव्हरटेक करायला प्रत्येकाला पाळीपाळीने जागा मिळाली, आणि समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाण्याची वाट बंद झाली. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले.

मराठी वाचकाला याचे उलटे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत बेंगळुरूला जाणारा महामार्ग चौपदरी झाला, तरी हुबळी-धारवाडचा सुमारे तीस किलोमीटरचा बायपास वर्षानुवर्षे दोन पदरी राहिला. दोन्हीकडून चौपदरी रस्त्याचा वेग अंगात भिनवून आलेली वाहने इथे दुभाजकाविना समोरासमोर येत. जानेवारी २०२१ मध्ये, संक्रांतीच्या सुटीत, दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची टेम्पो ट्रॅव्हलर इटिगट्टीजवळ मालवाहू वाहनावर आदळली आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर आंदोलने झाली, आणि बायपास सहापदरी करण्याचे काम हाती घेतले गेले. मधला अडसर तेवढ्यासाठी थांबायला नको होता.

तपशिलात दडलेला मृत्यू

महामार्गाची सुरक्षा बहुतेक वेळा बारीक गोष्टींत असते. रस्त्याकडेचा पन्हळीसारखा पत्र्याचा क्रॅश बॅरियर घ्या. तो गाडीला अडवण्यासाठी नसतो, तिला घासत-घासत पुन्हा मार्गिकेकडे वळवण्यासाठी असतो. पण त्याचे सुरुवातीचे टोक उघडे सोडले, तर तोच पत्रा भाल्यासारखा गाडीत घुसतो. म्हणून टोक जमिनीत पुरावे लागते, रस्त्यापासून दूर वळवावे लागते, किंवा त्यापुढे धडक शोषणारे साधन बसवावे लागते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ यांनी ‘शून्य मृत्यू मार्ग’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा कामाची सुरुवात अशाच यादीने झाली. उघडी टोके, कडेचे संरक्षण नसलेले खांब, झाडे, मार्गिकेत बंद पडून उभे राहिलेले ट्रक. त्या वर्षी १५१ मृत्यू झाले होते. पुढच्या चार वर्षांत हा आकडा शंभराच्या खाली आला. उभ्या ट्रकवर मागून आदळणे हे तिथले मोठे कारण होते. तो ट्रक लवकर शोधून हलवणारी गस्त जितकी वेगवान, तितके जीव वाचतात.

अडसर कोणासाठी बांधला आहे, यालाही महत्त्व असते. २१ डिसेंबर २०२४ रोजी बेंगळुरूजवळ, तुमकूर रस्त्यावर नेलमंगलपाशी एका मोटारीवर कंटेनर उलटला आणि गावाकडे निघालेल्या एका कुटुंबातले सहा जण जागीच गेले. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावला म्हणून कंटेनर उजवीकडे वळला, दुभाजक ओलांडून पलीकडच्या बाजूला गेला, अशी हकीगत पुढे आली. मोटार सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. पण कित्येक टनांचा भार टपावर कोसळला तर एअरबॅग काय करणार? मोटारीसाठी पुरेसा असलेला दुभाजक अवजड वाहनाला पुरत नाही. जिथे अवजड वाहतूक दाट आहे, तिथे मध्ये उंच, मजबूत काँक्रीटचा अडसर लागतो.

आणि उताराची रचना. याच पुणे-बेंगळुरू महामार्गावर पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलवर सोडले जातात, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात आणि खाली ऐन शहरातली वाहने उभी असतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी इथे एका वाहनाने पाठोपाठ ४८ वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच पट्ट्यात आठ जणांचा जीव गेला. अशा उतारावर बाजूला वाळू-खडीची चढती पट्टी ठेवली, तर ब्रेक गेलेला ट्रक तिच्यात रुतून थांबतो. त्यासाठी जागा मात्र रस्ता आखतानाच राखून ठेवावी लागते. शहर अंगाला येऊन भिडल्यावर ती मिळत नाही.

यंत्राचे डोळे

तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा उपयोग दंडाचा नाही, अपघात होण्याआधी तो ओळखण्याचा आहे. सरकारी व्याख्येनुसार ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे आधी माणसे मरणार, मग जागा धोकादायक ठरणार.

नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ या प्रकल्पाने हा क्रम उलटा करायचा प्रयत्न केला. हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल आणि नागपूर महापालिका त्यात सहभागी होत्या. शहर बसच्या काचेवर कॅमेरा बसवला. पुढचे वाहन फार जवळ आले, पादचारी आडवा आला किंवा मार्गिका सुटली, की तो चालकाला सावध करतो. शिवाय अशी प्रत्येक घटना नकाशावर उमटते. एकाच वळणावर शेकडो वेळा ‘थोडक्यात वाचलो’ होत असेल, तर तिथे चूक शेकडो चालकांची नाही, त्या वळणाची आहे. अपघात होण्याआधीच तिथे अभियंता पाठवता येतो.

बेंगळुरूत डिसेंबर २०२२ मध्ये पन्नास चौकांवर नंबरप्लेट वाचणारे २५० आणि लाल सिग्नल तोडणाऱ्यांना टिपणारे ८० कॅमेरे आले. चालकाची पेंगणारी नजर ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या ‘नेट्राडाइन’सारख्या कंपन्यांचे अभियंते याच शहरात बसतात. पोलीस ठाण्यातली कागदी नोंद मोबाइलवर आणणारी अपघात माहिती प्रणाली २०२१ पासून ज्या पहिल्या राज्यांत आली, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होती.

तरीही यंत्राला सीमा आहेत. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडली, म्हणून बाहेर पडायला मार्गच उरला नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर मेंदू सुस्तावतो. त्यावर कॅमेऱ्याचा उतारा अपुरा आहे. ठरावीक अंतरावर विसाव्याच्या जागा, कडेला खडखडणाऱ्या पट्ट्या, आणि बसमध्ये उघडणारी आपत्कालीन दारे, हे साधे उपाय तिथे आधी लागतात.

बंदीच्या पलीकडचा माणूस

म्हैसूर रस्त्याच्या यशात एक हिशेब अजून बाकी आहे. दुचाकीस्वार मुख्य मार्गिकेवरून हटला, पण त्याचे काम संपलेले नाही. तो आता सेवा रस्त्यावर आहे, आणि हा रस्ता जिथे तुटतो, अरुंद होतो किंवा अंधारात बुडतो, तिथे त्याचा धोका फक्त बाजूला सरकला आहे. देशातल्या अपघाती मृत्यूंत जवळपास ४५ टक्के दुचाकीस्वार आहेत आणि दर पाचातला एक पादचारी. मोटारवाल्याचा प्रवास सुरक्षित करताना सेवा रस्ता, पादचारी पूल आणि भुयारी मार्ग नंतर करू म्हणून सोडले, तर महामार्गाने सुरक्षा वाटून घेतली, वाढवली नाही, असे म्हणावे लागेल. अडीच किलोमीटर दूरचा पूल कोणी चढणार नाही. लोक जिथे ओलांडतात, तिथेच तो हवा.

पोलिसांच्या कागदावर मात्र कारण बहुधा एकच असते, ‘चालकाचा निष्काळजीपणा’. हा शेरा खोटा नसतो, अपुरा असतो. २०१९ च्या कायदा दुरुस्तीत कलम १९८-अ आले, ज्यानुसार सुरक्षेची मानके न पाळणारा ठेकेदार, सल्लागार किंवा यंत्रणा दंडाला पात्र ठरते. त्या दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये आहे. हजारो कोटींच्या कामापुढे ही रक्कम नगण्य आहे.

खरी संधी आखणीच्या वेळी असते. आराखडा, तपशीलवार नकाशे, बांधकाम आणि वाहतूक सुरू होण्याआधीची पाहणी अशा टप्प्यांवर स्वतंत्र तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी करायची पद्धत आपल्याकडे कागदावर आहेच. म्हैसूर रस्त्यावर जे उद्घाटनानंतर आणि शेकडो मृत्यूंनंतर सुचले, त्यातले बहुतेक सगळे या तपासणीत आधी सापडण्यासारखे होते.

आता पुणे आणि बेंगळुरू यांना जोडणाऱ्या, सुमारे सातशे किलोमीटरच्या नव्या द्रुतगती महामार्गाची आखणी चालली आहे. सातारा, सांगलीच्या शेतांतून तो कर्नाटकात उतरेल. कोणत्या गावाचे शेत पलीकडे जाणार, ट्रॅक्टर कुठून ओलांडणार, उताराला खडीची पट्टी कुठे, ट्रकचालकाने झोपायचे कुठे, हे प्रश्न आज नकाशावर पेन्सिलीने सुटतात. जमीन संपादनाच्या सुनावणीत मोबदल्याबरोबर हेही विचारले गेले पाहिजे, आणि सुरक्षा तपासणीचा अहवाल गावाच्या चावडीवर लागला पाहिजे. रस्ता खुला झाल्यावर याच उत्तरांसाठी काँक्रीट फोडावे लागते, आणि तोवर कोणाच्या तरी घरचे माणूस गेलेले असते.